जस्त, जास्त आणि कुंदा

कुंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिसरीच्या वर्गात फळ्यावर जोडाक्षरं लिहीत होते. शाळेत मोबाइल बंद ठेवायचा हा नियम मीच केलेला, आणि त्या दिवशी नेमका माझाच चालू राहिला होता. पलीकडून इन्सुलीहून तिची वहिनी बोलत होती. "मास्तरीणबाय मा? आमची कुंदाताय गेली. सकाळी चाय घेतल्यान, कप खाली ठेवल्यान आणि बसल्या जाग्यार मान टाकल्यान." मी म्हटलं, "बरं." ...माणूस गेल्याचं ऐकून कोणी 'बरं' म्हणतं का? पण माझ्या तोंडून तेवढंच आलं. फोन पिशवीत टाकला, खडू उचलला आणि उरलेली जोडाक्षरं लिहून काढली. मुलांनी न सांगताच ती उतरवून घेतली. माझ्या पाठीकडे बघूनच त्यांना काहीतरी कळलं असावं.

इन्सुलीला मी गेले नाही. तोंडवलीहून मालवण, मालवणहून सावंतवाडीची गाडी, तिथून पुढे इन्सुली. पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असेल, असं मी स्वतःला समजावलं. ते खोटं होतं. दोन वर्षं मी तिच्या घरी जायचं टाळत होते, आणि का टाळत होते ते सांगायला हे लिहिते आहे. कुंदा किती हसतमुख होती, किती सेवाभावी होती असं चार ओळींत लिहून मोकळी झाले असते, तर ती जिथे असेल तिथून म्हणाली असती, "मास्तरीण, फसवतंस कोणाक?"

अठ्ठ्याण्णव साली आम्ही दोघी एकाच पावसाळ्यात तोंडवलीत आलो. मी कणकवलीहून शाळेवर, ती आरोग्य उपकेंद्रावर नर्स म्हणून. दोघींची लग्नं झाली नव्हती आणि दोघींनी ती होण्याची वाट बघणं सोडलं होतं. एकाच घराच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहिलो, मधे एक कुडाची भिंत. मी पलीकडून खोकले तरी ती विचारायची, "हळद-दूध घेतलंस?" गावाने मला 'बाई' केलं आणि तिला 'सिस्टर'. ती मात्र मला पहिल्या दिवसापासून 'मास्तरीण' म्हणत आली, कारण पहिल्याच दिवशी मी तिच्या दारावरच्या पाटीतली चूक दाखवली होती. 'आरोग्य'मधल्या एका अक्षरावर तिने रफार दिला होता. खरं तर तिथे रफार मुळी नसतोच. ती म्हणाली, "ऱ्हवांदे गो. लोक पाटी वाचून येणत नाय, पोट दुखता म्हणान येतत."

तिचं अक्षर म्हणजे देवाघरचा मामला. स्वतः लिहिलेलं तिला स्वतःला लागत नसे. पण हाताला असा गुण होता की मुलाला सुई टोचून झाली तरी ते रडायचं विसरायचं. आणि कामाला नुसती वाघीण. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, तेव्हा त्यांच्या तळाशी पाणी साचतं आणि त्यात डासांच्या अळ्या वळवळतात. कुंदा साडीचा काष्टा मारून होडीत चढायची आणि करवंटीने पाणी उपसायची. एकदा एका म्हाताऱ्याने खालून विचारलं, "सिस्टर, होडी सुक्यार आसा. उपसतंस कित्याक?" ती मान वर न करता म्हणाली, "बुडतली म्हणान." त्या म्हाताऱ्याने दुसऱ्या दिवशी आपल्या दोन्ही होड्या स्वतः कोरड्या केल्या.

ज्या वर्षाबद्दल मला बोलायचं आहे त्या वर्षी चतुर्थीचे गणपती पोचवून झाल्यावर वाडीत ताप आला. आधी दोन घरांत, मग दहा. मोठ्यांना हाडं मोडल्यासारखं दुखे, आणि मुलं तर मलूल होऊन पडत. मालवणात रक्त तपासलं तेव्हा डेंग्यू निघाला. कुंदा कणकवलीच्या एका मुलांच्या डॉक्टरांना जाऊन भेटली. त्यांनी तिला सगळं नीट समजावलं. डेंग्यूवर असं औषध नाही. पाणी, पेज, शहाळं सारखं पोटात जात राहिलं पाहिजे. तापाची गोळी मोजून द्यायची. आणि ताप उतरल्यावरच जास्त सांभाळायचं, कारण धोका तेव्हा असतो. पोट दुखलं, उलट्या लागल्या, मूल झोपाळू झालं तर घरी ठेवायचं नाही. शेवटी म्हणाले, जुलाबाच्या मुलांना तुम्ही झिंकच्या गोळ्या देता ना, त्या मी या मुलांनाही जोडीला देतो. अंगात झिंक कमी असेल तर मूल सावरायला वेळ लागतो, असं मला वाटतं. पण तो आधार, इलाज नव्हे. कुंदाने विचारलं, हे झिंक आणखी कशात असतं? ते म्हणाले, कालवांत भरपूर असतं. ती घरी येऊन हसत सुटली. समुद्राकाठच्या खडपावरची कालवं शिंपल्यांतून फोडून आणणाऱ्या आमच्या बायका, आणि तेच सरकार गोळीत घालून पाठवत होतं. "पण तापाच्या पोराक कालवां घालू नुको म्हणान सांगूक होया," ती लगेच गंभीर होऊन म्हणाली, "नायतर आजये उद्या टोपली घेवन येतली."

आता माझी गोष्ट. घराघरात जाऊन प्रत्येक आईला सगळं सांगता सांगता कुंदाचा घसा बसला. एके दुपारी ती शाळेत आली आणि म्हणाली, मास्तरीण, तू चिठ्ये लिवन दी. तुजा अक्षर छापल्यासारखा आसा. मी मुलांच्या जुन्या वह्यांची कोरी पानं फाडली, चार-चार तुकडे केले आणि बसले लिहायला. ती सांगत होती, मी लिहीत होते. "लिही, तापाची गोळी अर्धी, ताप आसलो तरच. झिंकची गोळी रोज एक." माझं पेन थांबलं. मी म्हटलं, झिंक कशाला? मराठीत शब्द आहे की, जस्त. ती म्हणाली, "जस्त म्हटल्यार लोकांक बादली आठवता, मास्तरीण. झिंकच लिही. माज्या तोंडान त्येनी झिंकच आयकलेला आसा." मी ऐकलं नाही. लोकांना शब्द माहीत नसेल तर माहीत करून द्यायचा, मग शाळा कशाला काढली आहे? असं काहीतरी बोलले. तिचा घसा बसलेला, बाहेर दोन बाया मुलांना घेऊन उभ्या. ती म्हणाली, "तुका बरां दिसता तसा लिही." आणि गेली. पान वाचवायला मी 'एक' हा शब्दही गाळला. चिठ्ठीवर वर एक ओळ आली, तापाची गोळी अर्धी, ताप असल्यास. खाली दुसरी ओळ, जस्त गोळी रोज. तिसरी ओळ पाण्या-पेजेची. अशा वीसएक चिठ्ठ्या मी लिहिल्या. काना, मात्रा, वेलांटी, कशातही चूक नव्हती.

बहुतेक घरांत चिठ्ठी कोणी वाचलीच नाही. कुंदाने तोंडाने सांगितलं तेवढं त्यांनी केलं आणि त्यांची पोरं बरी झाली. वाचली ती रतनने. रतन ही माझ्या पहिलीतल्या पूनमची आई. नवरा बोटीवर, ही मासे विकते. चौथीपर्यंत शिकलेली, आणि वाडीतल्या तिच्या वयाच्या बायांत वाचता येणारी ती एकटी. तिला वाचता येतं म्हणून कुंदाने तिच्या हातात चिठ्ठी आणि दोन्ही गोळ्यांची पाकिटं दिली आणि तोंडाने काही न सांगताच ती पुढच्या घरी धावली. रतनने चिठ्ठी उघडली आणि दोन ओळी सलग वाचल्या. ताप असल्यास जास्त गोळी रोज. जस्त हा शब्द तिने आयुष्यात कागदावर पाहिला नव्हता. जास्त रोज पाहिला होता. तिला वाटलं, बाईंकडून एक काना राहिला. पोरीचा ताप उतरेना, म्हणून ती तापाच्या गोळ्या देत राहिली. अर्धीची एक झाली, एकाच्या दोन झाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुंदा त्यांच्या घरी गेली तेव्हा पूनम पोट धरून कुशीवर पडली होती आणि पाण्याचा घोटही टिकत नव्हता. फळीवर तापाच्या गोळ्यांचं पाकीट रिकामं होतं आणि झिंकचं पाकीट न फोडलेलं. कुंदाने चिठ्ठी मागून घेतली, एकदा वाचली आणि पदरात खोचली. रतनला काही विचारलं नाही. एक गाडी थांबवून पोरीला मांडीवर घेऊन ती थेट कणकवलीला गेली. मला शाळेत निरोप आला आणि मी मधल्या सुट्टीत निघाले.

ते चार दिवस... डॉक्टर म्हणाले, यकृताला सूज आहे. डेंग्यूने आली की गोळ्यांनी, ते सांगता येणार नाही, बहुधा दोन्ही मिळून. सलाइन चालू होतं. पूनमचे ओठ सुकून पांढरे पडले होते आणि ती डोळे उघडून बघायची तेव्हा कोणालाही ओळखत नसल्यासारखी बघायची. ही तीच पोरगी, जिने आठच दिवसांपूर्वी मला विचारलं होतं, बाई, 'ळ' शब्दाच्या आधी का येत नाही? मी दवाखान्याच्या जिन्यात बसून होते. कुंदाने पदरातून चिठ्ठी काढून माझ्या हातात ठेवली. माझंच अक्षर मी वाचलं, एकदा 'जस्त' म्हणून आणि एकदा 'जास्त' म्हणून. मी म्हटलं, मी आत जाऊन सांगते. तिने माझा दंड धरला. "गप ऱ्हव. तू शाळेची बाई. पोरांचे आयशी तुज्या अक्षरार विश्वास ठेवतत. तो गेलो तर परत येवचो नाय. माका काय गो, माका गाळी खावची सवय आसा." मग ती आत गेली आणि बोटीवरून धावत आलेल्या पूनमच्या बापाला, डॉक्टरांना, सगळ्यांना तिने सांगितलं, चिठ्ठी माझी, लिहिताना माझी चूक झाली. पूनमचा बाप तिला नाही नाही ते बोलला. मी जिन्यातून ऐकत होते. मी मूग गिळून बसले आणि, लपवून काय करू, मला हायसं वाटलं.

पूनम वाचली. पाचव्या दिवशी तिने पेज मागितली. डॉक्टरांनी पुढे दोन आठवडे तिला झिंक चालू ठेवलं, आणि रोज दुपारी कुंदा स्वतः जाऊन गोळी पाण्यात विरघळवून तिला चमच्याने पाजायची. बापाचं तोंड वाकडं असायचं, ती तरी जायची. मी एकदा विचारलं, या गोळीने खरंच काही होतं का? ती म्हणाली, "डॉक्टराक पुरता ठावक नाय, तर माका खंय? पण माका थंय जावक निमित गावता."

कुंदाच्या आईला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता आणि ती इन्सुलीला अंथरुणावर होती. तिच्याजवळ राहता यावं म्हणून कुंदाने बदलीचा अर्ज केला होता आणि तो जवळजवळ मंजूर झाला होता. पूनमच्या प्रकरणाचा वरून खुलासा मागवला गेला, लेखी ताकीद मिळाली आणि अर्ज बाजूला पडला. त्या थंडीत तिची आई गेली. तेव्हा कुंदा तोंडवलीत पोलिओचे डोस पाजत होती. बदलीचा हुकूम आला तो त्यानंतर काही महिन्यांनी. सामान बांधताना ती म्हणाली, "बघ गो, आता मेली बदली इली." एवढंच. मला दोष देणारा शब्द तिच्या तोंडून कधी निघाला नाही, आणि मी समोर बसून तिची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत राहिले. माफी मागायला याहून चांगली वेळ कोणती हवी होती? ती गेल्यावर कुडाच्या पलीकडे एक ग्रामसेवक राहायला आला. मी खोकले की तो रेडिओ मोठा करायचा.

ती दर रविवारी फोन करायची. "कधी येतंस?" मी म्हणायची, परीक्षा झाल्या की. मग दिवाळीत. मग, मे महिन्यात आंबे घेऊन. ती म्हणायची, "आंबे आमचे हंयसर काय थोडे आसत? तू ये." तिच्या आईचा फोटो भिंतीवर असेल आणि त्याच्याखाली बसून मला चहा प्यावा लागेल, या भीतीने मी गेले नाही. दोन वर्षं रोज तिची आठवण काढली आणि एकदाही गेले नाही. शहाणपणा शिकवणाऱ्या माणसाची ही अक्कल.

ती गेल्यावर आठव्या दिवशी उपकेंद्राच्या पडवीत गावाने शोकसभा घेतली. सगळे भरभरून बोलले. शेवटी एक वयस्कर गृहस्थ उठले आणि म्हणाले, सिस्टर देवमाणूस होती, एकदा काय ती तिच्या हातून चूक झाली, पण माणूस म्हटला की चुकायचाच. सगळ्यांनी माना डोलावल्या. किती मोठ्या मनाने गावाने तिला माफ करून टाकलं होतं! मला उठून बोलायचं होतं. मी बसूनच राहिले. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मात्र मी रतनच्या घरी गेले.

ती अंगणात बांगडे खारवत बसली होती. पूनम शेजारी अभ्यास करत होती. आता ती चौथीत जाईल. मी उभ्या उभ्याच सांगितलं. रतन, ती चिठ्ठी सिस्टरची नव्हती. मी लिहिली होती. तिने मला झिंक लिहायला सांगितलं होतं आणि मी हट्टाने जस्त लिहिलं. रतनने मिठाचे हात झटकले आणि पूनमला पाणी आणायला आत पाठवलं.

"माका ठावक आसा, बाई," ती म्हणाली. "पूनमच्या वहीत तुमचा अक्षर मी रोज बघतंय. दवाखान्यात सिस्टर माजी चिठी, माजी चिठी म्हणाक लागली तेवाच माका कळला. मी तिका इचारलंय, तशी तिना माका देवाची शपथ घातल्यान. म्हणाली, मास्तरणीक कळूक देव नुको तुका ठावक आसा ता. ती हाय खायत, मगे पोरांक शिकवची नाय."

मी खाली बसले. इतकी वर्षं ही बाई मला रोज सकाळी ताजे मासे देत होती आणि वर दोन बांगडे जास्तच टाकत होती.

रतन पुढे म्हणाली, "आणि चूक तुमची एकट्याची खंय? चार बायांत माका एकटीक वाचूक येता, ह्याचो माका गर्व. म्हणान मी कोणाक इचारूक नाय. इचारलेला आसता तर सिस्टर शेजारच्याच घरात होती." मग ती म्हणाली, "आमी गेल्लव मे म्हयन्यात इन्सुलीक, पूनमाक घेवन. तुमी जावक नाय मा?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

"जावन येवा," ती म्हणाली. "थंय तुमची खोली आसा."

पुढच्या शनिवारी मी गेले. घर नाक्याच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच आहे, ट्रक थांबतात तिथे. मी कोण ते वहिनीला सांगायची गरजच पडली नाही. म्हणाली, "येवा मास्तरीणबाय," आणि पाणी द्यायच्या आधी मागच्या अंगाची खोली उघडून दाखवली. कुंदाच्या आईची ती खोली. आई गेल्यावर कुंदाने तिला नवा रंग दिला होता आणि दोन खाटा टाकल्या होत्या. एक तिची, तिच्यावरची चादर अजून तशीच चुरगळलेली. दुसरीवरची गादी नवी होती आणि उशाला खिडकी. "ह्या खाटेर ताय कोणाक झोपाक देय नसा," वहिनी म्हणाली. "पावण्यांकव नाय. म्हणी, मास्तरीण रिटायर झाली काय हंयच ऱ्हवतली. तिका खोकलो जाता, खिडकी होयी."

भिंतीवर तिच्या आईचा फोटो होता. मी त्याच्याकडे बघितलं. मग वहिनीने चहा आणला, आणि परतीची गाडी साडेचारला आहे, उशीर करू नका, असं म्हणाली. मी पिशवी नव्या गादीवर ठेवली. म्हटलं, "वहिनी, मी आज ऱ्हवतंय."